शून्य टचडाउनवाला गडी

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

अमेरिकेत ज्याला 'फुटबॉल' म्हणतात त्यात पायाचा आणि चेंडूचा संबंध येतोच फार थोडा. चेंडूसुद्धा गोल नाही. सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं, हाताने फेकायचा, हाताने झेलायचा, आणि वाटेत जो येईल त्याला अंगावर घ्यायचं. आमच्या विंगमध्ये या खेळाला 'हेल्मेटवाली कबड्डी' म्हणतात आणि खरं सांगायचं तर हे नाव मूळ नावापेक्षा जास्त बरोबर आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. असं करत करत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण.

तर मंडळी, या खेळातल्या 'टाइट एंड' नावाच्या गड्यावर मी लिहिणार आहे. 'विषयाचे बंधन नाही' असं संपादक मंडळाने नोटीस बोर्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आता भोगा!

हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते आधी सांगतो. माझा सख्खा मोठा भाऊ २०२१ साली एम.एस. करायला ॲरिझोनातल्या टेम्पीला गेला. गेला तो गेलाच. आधी अभ्यास, मग नोकरी, मग व्हिसाच्या शिक्क्याची भानगड ('एकदा बाहेर पडलो आणि परत येताना अडकलो तर?'), असं करत तीन गणपती आणि तीन दिवाळ्या त्याच्याशिवाय झाल्या. रविवारी फोन यायचा. आधी आई, मग बाबा, मग मी, अशी पाळी. माझ्यापर्यंत फोन येईतो 'जेवलास का' आणि 'थंडी आहे का' हे दोन्ही प्रश्न संपलेले असायचे. मग आम्ही दोघं सख्खे भाऊ एकमेकांचा श्वास ऐकत बसायचो आणि 'चल, ठेवतो' म्हणून ठेवायचो.

दादा आणि त्याच्या मित्रांची तिकडे दहा संघांची एक फँटसी लीग आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातला एक भिडू लग्न ठरल्यामुळे कमी झाला आणि दादाने त्या जागी मला घेतलं. मी तेव्हा फर्स्ट इयरला नुकताच होस्टेलवर आलो होतो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या रविवारपासून आमचे फोन तीन मिनिटांवरून पाऊण तासावर गेले. आईला वाटायचं, पोरं अभ्यासाचं बोलतायत.

फँटसी म्हणजे काय हे ड्रीम इलेव्हनच्या या देशात समजावून सांगायला नको. कागदावर आपला संघ उभा करायचा आणि खऱ्या सामन्यात त्या खेळाडूंनी जे केलं त्याचे गुण आपल्याला. फरक एवढाच की इथे एक खेळाडू एकाच मालकाचा. ऑगस्टच्या शेवटी पाळीपाळीने खेळाडू उचलायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात. दादाने एखाद्याला उचललं की तो मोसमभर दादाचा. हा उद्योग १९६२ साली ओकलंडच्या रेडर्स संघाचे एक भागीदार विन्केनबाख यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून आणखी एक-दोघांबरोबर जुळवला. ड्रीम इलेव्हनने २०२५ च्या कायद्यानंतर पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. आमच्या लीगमध्ये पैसा आधीपासूनच नव्हता. काय होतं ते पुढे येईलच.

संघात क्वार्टरबॅक लागतो, म्हणजे चेंडू फेकणारा. पळणारे लागतात, झेलणारे लागतात आणि एक टाइट एंड लागतो. हा गडी मोठा विचित्र. मैदानावर एका ओळीत पाच धिप्पाड लोक वाकून उभे असतात. त्यांचं काम समोरच्याला रोखून धरायचं, चेंडूला हात लावायचा नाही. त्या ओळीच्या टोकाला चिकटून टाइट एंड उभा राहतो. कधी तो त्यांच्यासारखाच समोरच्याला अडवतो, कधी अचानक सुटून पुढे पळतो आणि झेल घेतो. गॅदरिंगमध्ये खुर्च्या लावणारा आणि नाटकात काम करणारा मुलगा एकच असावा, तसं. त्याला पाहून कळत नाही की हा आत्ता खुर्च्या लावणार आहे की स्टेजवर जाणार आहे. विरुद्ध संघालाही कळत नाही, म्हणून तर तो तिथे असतो.

आणि इथेच फँटसीवाल्यांची पंचाईत. आमच्या लीगमध्ये एका झेलाला एक गुण, दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा. अडवण्याला शून्य. म्हणजे तुमचा टाइट एंड साठ वेळा मैदानावर उतरला, साठ वेळा त्याने कुणाला तरी आडवं पाडलं, संघ जिंकला, प्रशिक्षकाने त्याला मिठी मारली, तरी तुमच्या खात्यात भोपळा!

त्यामुळे बहुतेक मालक एकच आकडा बघतात, टचडाउन. गेल्या वर्षी कुणाचे टचडाउन जास्त? तो घ्या. हे दिसायला सरळ आहे आणि बऱ्याच वेळा अंगाशी येतं. ज्युलियस थॉमस नावाचा एक टाइट एंड २०१४ साली डेन्व्हरकडून खेळत होता. ४३ झेल, ४८९ यार्ड आणि चक्क १२ टचडाउन. आमच्या पद्धतीने मोजले तर १६३.९ गुण. पुढच्या वर्षी तो जॅक्सनव्हिलला गेला आणि तिथे त्याने ४६ झेल घेतले, ४५५ यार्ड केले. म्हणजे माणूस तोच, काम तेवढंच. पण टचडाउन पाच. गुण १२१.५. ज्यांनी बारा टचडाउन बघून त्याला उचललं त्यांनी खरं तर डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग विकत घेतला होता, आणि तो तर डेन्व्हरलाच राहिला.

उलटंही होतं. डॅरेन वॉलरने २०१९ मध्ये ९० झेल घेतले, ११४५ यार्ड केले, टचडाउन फक्त तीन. लोक म्हणाले, हा रेषेजवळ कामाचा नाही. २०२० मध्ये त्याचे १०७ झेल, ११९६ यार्ड, आणि टचडाउन नऊ. वॉलर एका उन्हाळ्यात नवं काही शिकून आला असं मला वाटत नाही. चेंडू आधीपासूनच त्याच्याकडे येत होता.

'चेंडू कुणाकडे येतो' हा सगळा मामला आहे. यासाठी जे आकडे असतात त्यांना तिकडे 'युसेज' म्हणतात; मी त्याला वापर म्हणतो. वापर पायऱ्यापायऱ्यांनी मोजायचा. पहिली पायरी स्नॅप: चेंडू खेळात आला तेव्हा गडी मैदानावर होता का? दुसरी रूट: फेकीचा डाव असताना तो झेल घ्यायला सुटला, की अडवायला मागे थांबला? तिसरी टार्गेट: चेंडू त्याच्याकडे फेकला गेला का? मग झेल, मग यार्ड, आणि सगळ्यात वर टचडाउन. जसजसं वर जावं तसतशी संख्या लहान होत जाते आणि नशिबाचा वाटा वाढत जातो. सामन्यात संघाचे साठ-पासष्ट स्नॅप होतात. टाइट एंडचा टचडाउन झाला तर एक. नाहीतर नाहीच.

समजा दोन टाइट एंड आहेत. दोघेही एका सामन्यात ५५ स्नॅप खेळले. स्नॅपचा आकडा पाहून दोघे सारखेच वाटतील. पण संघाच्या ३५ फेकींपैकी पहिला ३० वेळा सुटला आणि दुसरा १८ वेळाच. बाकीच्या वेळी तो क्वार्टरबॅकचं रक्षण करत उभा. पहिल्याकडे ८ वेळा चेंडू आला, दुसऱ्याकडे ३ वेळा. आता त्या तिनातला एक नेमका रेषेपाशी आला आणि टचडाउन झाला, तर सोमवारी सकाळी गुणांच्या तक्त्यात दुसरा भारी दिसेल. अशा वेळी बाकीचे नऊ जण दुसऱ्याच्या मागे लागतात आणि शहाण्याने पहिला मागून घ्यावा. पट्टीचे लोक आणखी एक भागाकार करतात: टार्गेट भागिले रूट. पहिल्याचे सत्तावीस टक्के, दुसऱ्याचे सतरा. म्हणजे मोकळं सोडल्यावर तो किती वेळा क्वार्टरबॅकच्या नजरेत भरतो.

स्नॅपचे आकडे सहज मिळतात. रूट मोजायला कुणीतरी प्रत्येक डावाचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघत बसावं लागतं. शिवाय आता खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिपा असतात आणि कोण कुठे होता याची सेकंदाला अनेकदा नोंद होते. (आमच्या मेसमध्ये पोळ्यांवर अशी चिप बसवता आली तर बरेच वाद मिटतील.)

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये मी ट्रे मॅकब्राइडला घेतलं. हा ॲरिझोना कार्डिनल्सचा, म्हणजे दादाच्याच गावचा. २०२३ मध्ये त्याने ८१ झेल घेतले होते आणि टचडाउन तीन. दादाने बाल्टिमोरचा मार्क अँड्र्यूज घेतला. आणि त्याच रात्री आमची पैज लागली. बाकी लीग काय करायची ती करो. आम्हा दोघांत जो खाली राहील त्याने वरच्याचं एक म्हणणं ऐकायचं. दादाचं म्हणणं तयारच होतं: मी जीआरईला बसायचं आणि तिकडे यायची तयारी सुरू करायची. हा विषय आमच्यात वर्षभर धुमसत होता. मला जायचं नव्हतं. बाबांना शुगर आहे, आई बँकेचं ॲप उघडायलासुद्धा मला फोन करते. दोघांतला एक तरी पुण्या-मुंबईच्या अंतरावर असावा असं मला वाटायचं, आणि दादाला वाटायचं की मी घाबरतो. माझं म्हणणं त्याच्यापेक्षा लहान होतं: पुढच्या गणपतीला घरी ये.

मोसम सुरू झाला. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात (नोव्हेंबरपासून साडेअकराला). म्हणजे सोमवारी सकाळच्या पहिल्या लेक्चरची वाट आपोआपच लागते. पहिल्याच सामन्यात बाल्टिमोरचाच दुसरा टाइट एंड आयझाया लाइकली याने ९ झेल, १११ यार्ड, एक टचडाउन असा धिंगाणा घातला. शेवटच्या क्षणी आणखी एक झेल घेतला, पण पायाचं बोट रेषेबाहेर पडलं आणि सामना कॅन्सस सिटीने घेतला. दुसऱ्या दिवशी लीगमधला प्रत्येक जण लाइकलीच्या मागे. पूर्ण मोसमात त्याचे झेल झाले ४२. एका रात्रीच्या वापरावर घर बांधू नये. तीन-चार आठवडे बघावेत, मगच दोर बांधावा.

मॅकब्राइडचं मात्र विचित्र चाललं होतं. चौथ्या आठवड्यात डोक्याला मार लागल्याने तो खेळला नाही, तेवढं सोडलं तर झेल घेतोय, यार्ड करतोय, पण पासवर टचडाउन नाही. ऑक्टोबर गेला, नाही. एकदा चेंडू हातात घेऊन पळत रेषा ओलांडली, पण झेलून नाही. रेषेजवळ पोचले की कार्डिनल्स दुसरंच काही करायचे. त्यांचा नवा झेलणारा मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर याने त्या मोसमात ६२ झेलांत आठ टचडाउन केले. तिकडे दादाचा अँड्र्यूज सुरुवातीला थंड होता, मग जो पेटला तो दर आठवड्याला टचडाउन. लीगच्या ग्रुपवर माझं नाव 'शून्यवाला' पडलं. मॅकब्राइड दे आणि तुझ्या आवडीचा दुसरा कुणीही घे, असे निरोप यायला लागले. हे निरोप पाठवणारे सगळे मॅकब्राइडला नावंही ठेवत होते आणि मागतही होते, ही गोष्ट मी वहीत नोंदवून ठेवली.

वही म्हणजे एम-थ्रीची ट्युटोरियलची वही. मागच्या पानांवर माझा तक्ता असायचा: आठवडा, स्नॅप, रूट, टार्गेट, झेल, यार्ड, टचडाउन. सही घ्यायला वही दिली आणि सरांनी ती नेमकी उलटीकडून उघडली. मला वाटलं, संपलं. सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हा शेवटचा शून्यांचा रकाना कसला?" मी सांगितलं. सर त्या खेळाबद्दल काही जाणत नव्हते आणि जाणून घ्यायची इच्छाही दिसली नाही. पण म्हणाले, "वर्षातून पाच-सहा वेळा घडणारी गोष्ट आहे ही. तिच्यावरून तुम्ही माणसाची किंमत ठरवणार? दीडशे वेळा घडणारी गोष्ट शेजारच्या रकान्यात आहे, ती बघा आधी." मी मनातल्या मनात दादाला फोन लावला. तेवढ्यात सर पुढे म्हणाले, "पण मला एक सांगा, चेंडू याच्याकडे टाकतात ते हा मोकळा असतो म्हणून, की दुसरं कुणी नाही म्हणून?"

सही केली आणि वही परत दिली. हा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून पुढे दोन आठवडे गेला नाही.

कारण वापराचे आकडे मोठे सोज्वळ दिसतात. वाटतं, यात नशीब नाही, हे खरं. पण चेंडू फेकणारा माणूसच असतो. तो घाबरतो, घाई करतो, सवयीने एकाच बाजूला बघतो. २०२४ मध्ये केल्सीकडे १३३ वेळा चेंडू आला. ट्रॅव्हिस केल्सी, कॅन्सस सिटीचा. २०२० मध्ये त्याने १४१६ यार्ड केले होते. आता पस्तिशीचा झालेला. १३३ टार्गेटमध्ये ८२३ यार्ड, म्हणजे एका फेकीमागे सहाच्या थोडे वर. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज किटलकडे त्याच मोसमात चेंडू आला ९४ वेळा आणि यार्ड झाले ११०६. फेकीमागे पावणेबाराच्या आसपास. नुसता वापर बघितला तर केल्सी मोठा. आणि गंमत म्हणजे किटल हा अडवण्यातही पहिल्या रांगेतला गडी. तो मागे थांबतो कारण त्याच्याइतकं चांगलं थांबता येणारा दुसरा नाही. त्याचे रूट कमी होतात ते तो कमी प्रतीचा म्हणून नव्हे. आमच्या खेळात याचा एकही गुण नाही, आणि ही आमच्या खेळाची उणीव आहे, किटलची नाही.

दादाचा या आकड्यांवर विश्वास नव्हता, त्यालाही कारण होतं. कायल पिट्स. अटलांटाने २०२१ मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर टाइट एंड त्याआधी कुणी घेतला नव्हता. पहिल्याच वर्षी ११० टार्गेट, ६८ झेल, १०२६ यार्ड आणि टचडाउन एक. वॉलरचंच चित्र. आता टचडाउन येणारच, म्हणून २०२२ मध्ये दादाने त्याला फार वर उचललं. पिट्स दहा सामने खेळला, २८ झेल, ३५६ यार्ड, दोन टचडाउन, मग गुडघा गेला. "तुझ्या वापराची पूजा मी तुझ्याआधी करून बसलोय," दादा म्हणायचा. पण त्या वर्षी अटलांटा हा लीगमध्ये सगळ्यात कमी फेकणाऱ्या संघांपैकी होता. चेंडू घेऊन पळायचा त्यांचा खाक्या. पिट्सचा वाटा वाईट नव्हता, भाकरीच लहान होती. हे मी दादाला फोनवर समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?" दोन वर्षांपूर्वी आपण बोलतच नव्हतो, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "तेव्हा मी बारावीत होतो."

याच सुमारास माझा तक्ता विंगमध्ये प्रसिद्ध झाला. समोरच्या खोलीतला फायनल इयरचा सीनियर प्लेसमेंटमध्ये अडकला होता. एके रात्री तो चहाचा ग्लास घेऊन आला, तक्ता समजून घेतला आणि स्वतःचा मांडून आणला: लेखी परीक्षा १४, मुलाखतीला बोलावणं ९, शेवटची फेरी ५, नोकरी ०. "म्हणजे मी मॅकब्राइड!" म्हणाला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलावणं येतंय ना, मग एक दिवस होईलच. पण तो थोडा वेळ त्या पाचाकडे बघत बसला. मग म्हणाला, "नाही रे. तुझ्या त्या माणसाला रेषेजवळ चेंडू देतच नाहीत. मला पाचही वेळा दिला." आणि उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी कुणाला तरी समोर बसवून इंग्रजीत बोलायचा सराव करायला लागला. सरांचा दुसरा प्रश्न त्याला माझ्याआधी कळला होता, असं मला आजही वाटतं.

मीही मग तक्त्यात एक रकाना वाढवला: रेषेच्या आतल्या वीस यार्डांतले टार्गेट. शून्य टचडाउन दोन तऱ्हेचे असतात. चेंडू येतो आणि हातून जातो, हे एक. चेंडू तिथे येतच नाही, हे दुसरं. दुसऱ्या प्रकारात गडी बदलून उपयोग नाही, वाट बघावी. नाहीतर बाकीच्या मैदानावर तो जे मिळवतो त्यावर समाधान मानावं. आणि मॅकब्राइडचं बाकीचं मैदान भरपूर होतं. बाराव्या आठवड्यात सिॲटलविरुद्ध १२ झेल, १३३ यार्ड. पीपीआरचे पंचवीस गुण आणि तीन दशांश, एकाही टचडाउनशिवाय. त्या रात्री ग्रुपवर 'शून्यवाला' म्हणून कुणी हाक मारली नाही.

दादा आणि मी दोघेही पहिल्या चारांत आलो आणि दोघेही उपांत्य फेरीत हरलो. माझा क्वार्टरबॅक झोपला, पळणारे झोपले आणि नेमका त्याच आठवड्यात मॅकब्राइडलाही चेंडू फार मिळाला नाही. कुठलाही तक्ता एका रविवारची हमी देत नाही. फायनल दुसऱ्याच दोघांत रंगली (त्यातला एक रेडर्सच्या ब्रॉक बॉवर्सच्या जिवावर, ज्याने पहिल्याच मोसमात ११२ झेल घेऊन नवख्यांचा विक्रम केला). आम्ही दोघं सतराव्या आठवड्यात तिसऱ्या जागेसाठी समोरासमोर. जगात कुणालाही पर्वा नसलेला सामना.

२९ डिसेंबर २०२४, रविवार, सकाळी पावणेसात. तिकडे शनिवारची संध्याकाळ. लॉस एंजेलिसमध्ये कार्डिनल्सची रॅम्सशी गाठ. दादाचे लोक बहुतेक खेळून झाले होते आणि तो माझ्या बऱ्याच पुढे होता. होस्टेल गार झोपलेलं. मी डोक्यावरून चादर घेऊन फोन बघतोय आणि दुसऱ्या कानात दादा, टेम्पीहून. झेल. झेल. पुन्हा झेल. आणि मग, नव्वदच्या वर झेलांनंतर, मोसमातला पासवरचा पहिला टचडाउन! मी ओरडलो तसा वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिवी हासडली. दादाही ओरडला. त्याच्याविरुद्ध गुण झाले होते आणि तो ओरडत होता.

त्या दिवशी मॅकब्राइडचे १२ झेल, १२३ यार्ड, एक टचडाउन. तीस गुण. पण सामन्याचा शेवट सांगायलाच हवा. कार्डिनल्स चार गुणांनी मागे, अखेरचे क्षण, रॅम्सच्या रेषेजवळ. क्वार्टरबॅक कायलर मरेने चेंडू टाकला, कुणाकडे, तर मॅकब्राइडकडेच. चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला, उडाला आणि रॅम्सच्या गड्याच्या हातात. सामना १३-९ ने गेला. आमच्या लीगमध्ये याचा टाइट एंडला एक गुणाचाही दंड नाही. फोनवर आम्ही दोघंही गप्प. मग दादा म्हणाला, "तू जिंकलास." मी म्हटलं, "हो." "पण बघ ना त्याच्याकडे," तो म्हणाला. मी बघत होतो.

मोसम संपला तेव्हा हिशोब असा होता. मॅकब्राइड: १४७ टार्गेट, १११ झेल, ११४६ यार्ड, पासवर २ टचडाउन. अँड्र्यूज: ६९ टार्गेट, ५५ झेल, ६७३ यार्ड, ११ टचडाउन. झेलण्याचे गुण मांडले तर २३७.६ विरुद्ध १८८.३. म्हणजे नऊ टचडाउन कमी, आणि तरीही जवळजवळ पन्नास गुण जास्त. हा कागद मी दादाला रजिस्टर पोस्टाने पाठवणार होतो. आई म्हणाली, कशाला पैसे घालवतोस, तो येईल तेव्हा दे हातात.

आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, शिक्का वगैरे सगळं मार्गी लावून, गणपतीच्या तीन दिवस आधी. चार वर्षांत केस कमी झालेले. जीआरईचा विषय त्याने काढला नाही असं नाही. पैज हरला म्हणून त्याचं मत बदललं नव्हतं आणि जिंकलो म्हणून माझंही. तो आपापल्या जागी आहे. पण आता त्यावर बोलणं होतं.

लीगचा ड्राफ्ट त्याच आठवड्यात, आपल्याकडची पहाट. घरात मोदकांच्या सारणाचा वास, आई नारळ खवतेय, आणि आम्ही दोघं एका सतरंजीवर दोन लॅपटॉप घेऊन पाठीला पाठ लावून बसलेलो, म्हणजे एकमेकांचा पडदा दिसू नये. आईने विचारलं, "तो तुमचा हेल्मेटवर चेंडू लागलेला मुलगा बरा आहे का आता?" दादा म्हणाला, "एकदम बरा आहे." त्याचा नंबर माझ्या आधी होता. त्याने मॅकब्राइड उचलला.